जास्त मते मिळूनही पराभव : अमेरिकी निवडणूक सुधारणांची निकड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेक्सास आणि कॅलिफोर्निया या अमेरिकेतील दोन मोठ्या राज्यांनी मतदारसंघांच्या फेररचनेवरून २०२५ मध्ये एकमेकांना जे आव्हान दिले, त्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांतही आल्या. मात्र आपल्याकडील बहुतेक चर्चा ट्रम्प यांच्या स्वभावापाशी येऊन थांबते. ट्रम्प गेले की सारे सुरळीत होईल, असा तिचा सूर असतो. मला हे निदान वरवरचे वाटते. अमेरिकी लोकशाहीचे दुखणे कोणत्याही एका नेत्याहून जुने आहे. मते कशी मोजायची आणि मतदारसंघ कसे आखायचे, या नियमांतच ते मुरलेले आहे. हे नियम बदलण्याचा अधिकार त्याच नियमांच्या जोरावर निवडून आलेल्यांच्या हाती असल्यामुळे सुधारणेची प्रत्येक खटपट तेथे पुन्हा पुन्हा अडते. कोल्हापूरच्या वाचकांना याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे देतो.

अध्यक्षाच्या निवडीपासून सुरुवात करतो. आपल्या जिल्ह्यातील दूध संघाच्या निवडणुकीत दूध घालणारा शेतकरी स्वतः मत देत नाही. गावची संस्था ज्याच्या नावे ठराव करते, तो मत देतो. संस्था रोज पन्नास लिटर दूध घालो की दोन हजार लिटर, तिचे मत एकच. त्यामुळे पॅनेलची सारी धावपळ ठराव गोळा करण्यासाठी असते, हे करवीरपासून चंदगडपर्यंत कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेचा अध्यक्ष याच धर्तीच्या पद्धतीने निवडला जातो. तेथे ५३८ निर्वाचकांचे मंडळ असते आणि २७० निर्वाचक मिळवणारा अध्यक्ष होतो. प्रत्येक राज्याला प्रतिनिधिगृहातील (संसदेच्या कनिष्ठ सभागृहातील) जागांइतके निर्वाचक अधिक सिनेटच्या (वरिष्ठ सभागृहाच्या) दोन जागांचे दोन, असा हिशेब आहे. मेन आणि नेब्रास्का हे अपवाद वगळता उरलेल्या ४८ राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याच्या पदरात राज्याचे सगळेच्या सगळे निर्वाचक पडतात.

हे वरचे दोन निर्वाचक दिसायला किरकोळ आहेत, पण गणित तेच बिघडवतात. २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंग या राज्याची लोकसंख्या सुमारे ५ लाख ७७ हजार होती. कोल्हापूर महापालिका हद्दीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५ लाख ४९ हजार होती, म्हणजे ते अख्खे राज्य आपल्या शहराएवढेच आहे. त्याला तीन निर्वाचक आहेत. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या जवळजवळ चार कोटी आणि निर्वाचक ५४. वायोमिंगमध्ये एका निर्वाचकामागे एक लाख ९२ हजार माणसे, तर कॅलिफोर्नियात सव्वासात लाखांहून अधिक. अर्थात एका ठिकाणच्या नागरिकाचे वजन दुसऱ्या ठिकाणच्या नागरिकाच्या पावणेचार पट. सिनेटमध्ये ही तफावत आणखी वाढते, कारण तेथे दोन्ही राज्यांना दोन-दोनच जागा आहेत. देशाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या केवळ नऊ राज्यांत राहते आणि शंभरांच्या सिनेटमध्ये तिच्या वाट्याला अठरा जागा येतात. राजधानी वॉशिंग्टनची लोकसंख्या वायोमिंगपेक्षा जास्त आहे, तरी तेथील नागरिकांना सिनेटमध्ये एकही जागा नाही आणि प्रतिनिधिगृहात मताचा अधिकार असलेला सदस्यही नाही.

याचे परिणाम काल्पनिक नाहीत. २००० मध्ये अल गोर यांना देशभरात जॉर्ज बुश यांच्यापेक्षा सुमारे ५ लाख ४४ हजार मते जास्त मिळाली, पण फ्लोरिडा ५३७ मतांनी गेले आणि अध्यक्षपद बुश यांच्याकडे गेले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांचे मताधिक्य तर २८ लाखांहून अधिक होते आणि तरीही त्या हरल्या. १८७६ आणि १८८८ मध्येही असेच घडले होते. लोकांच्या ध्यानात फारसे न आलेले उदाहरण मात्र २०२० चे आहे. बायडेन यांना ७० लाख मते जास्त मिळाली आणि निकाल स्पष्ट दिसला. पण ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील त्यांची एकत्रित आघाडी ४३ हजारांच्या आत होती. ती पुसली गेली असती तर दोन्ही बाजूंना २६९ निर्वाचक मिळून बरोबरी झाली असती आणि निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली असती. तेथे अशा वेळी सदस्यांची मते मोजत नाहीत, प्रत्येक राज्याला एक मत असते. चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला एक आणि आपल्या शहराएवढ्या वायोमिंगलाही एकच. दूध संघाचा पोटनियम जगातील सर्वांत बलाढ्य पदाला लागू करावा, तसाच हा प्रकार.

या पद्धतीचे समर्थक सांगतात की तिच्यामुळे लहान राज्यांची कदर होते. प्रत्यक्षात प्रचाराच्या काळात वायोमिंगला किंवा व्हरमाँटला कोणी फिरकत नाही, कारण त्यांचा कौल आधीच ठरलेला असतो. २०२४ मध्ये सारी लढाई पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेवाडा या सात राज्यांत झाली. उरलेल्या त्रेचाळीस राज्यांचे मतदार, मग ते लहान राज्यांतले असोत की मोठ्या, बघ्यांच्या भूमिकेत होते. लहान राज्यांच्या कैवाराची ही गोष्ट इतिहासाच्या कसोटीलाही पुरती उतरत नाही. राज्यघटना तयार करणाऱ्या १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेत घटनाकारांपैकी एक असलेल्या मॅडिसन यांनी थेट निवडणुकीतील अडचण उघड सांगितली होती : दक्षिणेतील राज्यांत गुलामांची संख्या मोठी, त्यांना मताधिकार नाही, त्यामुळे थेट मतदानात दक्षिणेचे वजन कमी पडेल. निर्वाचक मंडळात मात्र पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब धरून ते वजन वाढवता आले. गुलामगिरी गेली, पण तिच्या सोयीने बेतलेली ही चौकट तशीच उभी आहे.

चौकट बदलण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न १९६९ मध्ये झाला. थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहाने ३३८ विरुद्ध ७० अशा प्रचंड बहुमताने संमत केली. अध्यक्ष निक्सन यांचा तिला पाठिंबा होता. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये दक्षिणेतील आणि लहान राज्यांतील सदस्यांनी भाषणे लांबवून ती रोखली. चर्चा बंद करण्यासाठी लागणारे संख्याबळ समर्थकांना जमले नाही आणि प्रस्ताव बारगळला. ज्या सभागृहातील जागावाटपच विषम आहे, त्याच्याकडे विषमता दूर करण्याची परवानगी मागावी लागते, ही या कथेतील मेख. त्यातून मार्ग निघाला, तरी घटनादुरुस्तीसाठी पन्नासपैकी ३८ राज्यांची मंजुरी लागतेच. म्हणून काही राज्यांनी आपसांत करार केला आहे की, देशभरात ज्याला सर्वाधिक मते, त्यालाच आपले निर्वाचक द्यायचे. २००७ मध्ये मेरीलँडने सुरुवात केली. सामील राज्यांच्या निर्वाचकांची बेरीज २७० झाली की करार अमलात येणार आहे आणि ती दोनशेच्या पुढे गेली आहे. मला हा मार्ग आडवळणाचा वाटतो. सामील झालेली राज्ये बहुतेक एकाच पक्षाकडे झुकणारी असल्याने उद्या करार लागू झालाच तर पहिल्याच निवडणुकीत तो न्यायालयाच्या दारात जाईल.

अध्यक्षीय निवडणुकीपेक्षाही खोल जखम मतदारसंघांच्या आखणीची आहे. १८१२ मध्ये मॅसेच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज जेरी यांच्या पक्षाने सोयीसाठी आखलेला एक मतदारसंघ पालीसारख्या दिसणाऱ्या सॅलमँडर या प्राण्याच्या आकाराचा झाला आणि तेव्हापासून अशा करामतीला जेरीमँडरिंग म्हणतात. काम सोपे आहे. विरोधकांचे मतदार एकतर दोन-चार मतदारसंघांत कोंबायचे, म्हणजे तेथे ते ऐंशी टक्क्यांनी जिंकतील आणि बाकी सगळीकडे हरतील. नाहीतर त्यांची वस्ती फोडून चार ठिकाणी अशी पांगवायची की कोठेच त्यांची सरशी होऊ नये. पूर्वी हे कागद-पेन्सिलीवर चाले. आता संगणकाला गल्लीगल्लीचा मतदानाचा इतिहास ठाऊक असतो. विस्कॉन्सिनमध्ये २०१८ साली विधानसभेच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाला राज्यभरात निम्म्याहून अधिक मते मिळाली, तरी ९९ पैकी ६३ जागा रिपब्लिकनांकडे राहिल्या. दुसऱ्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निकालाने सांगून टाकले की पक्षीय स्वार्थासाठी केलेली आखणी हा संघीय न्यायालयांनी हात घालण्याचा विषय नाही. कोणाकडे जायचे, तर ज्यांनी ती आखणी केली त्या विधिमंडळांकडेच.

टेक्सासमध्ये जे घडले त्याचे मूळ येथे आहे. फेररचना रीतीप्रमाणे दर दहा वर्षांनी, जनगणनेनंतर होते. टेक्सासने २०२५ मध्ये मध्येच ती उरकून सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाच्या पाच जागा वाढवण्याचा घाट घातला. विरोधी आमदार गणसंख्या मोडण्यासाठी राज्य सोडून इलिनॉयला जाऊन राहिले. (आपल्याकडे आमदार परराज्यातील हॉटेलात जातात ते सरकार पाडायला, एवढा फरक नोंदवायला हरकत नाही.) परतल्यावर विधेयक संमत झालेच. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सार्वमत घेऊन स्वतःच्या स्वतंत्र आयोगाने आखलेले संसदीय मतदारसंघ तात्पुरते बाजूला ठेवले आणि डेमोक्रॅटिक पक्षाला सोयीचा नकाशा आणला. मला या प्रकरणात टेक्सासपेक्षा कॅलिफोर्नियाची जास्त खंत वाटते. ज्या राज्याने नियम स्वच्छ केले होते, त्यालाच ते सोडावे लागले, कारण समोरच्याने ते पाळलेच नव्हते. एका राज्याने एकट्याने प्रामाणिक राहायचे तर देशपातळीवरील जागा गमवाव्या लागतात. म्हणून ही सुधारणा राज्याराज्यांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. त्यासाठी घटनादुरुस्तीही लागत नाही. संसदेच्या निवडणुकांचे नियम ठरवण्याचा अधिकार अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्याच कलमाने काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला, दिलेला आहे. २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहाने स्वतंत्र आयोग सक्तीचे करणारे विधेयक संमतही केले होते. सिनेटमध्ये चर्चा थांबवायला लागणारी साठ मते नसल्याने ते तेथेच निजले.

निवडणूक घेणारी यंत्रणा हा आणखी एक मुद्दा. तेथे आपल्यासारखा देशाचा एक निवडणूक आयोग नाही. संघीय आयोग आहे तो पैशाच्या हिशेबापुरता, आणि त्याच्या सहा सदस्यांत एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नसावेत व निर्णयाला चार मते लागावीत अशी तरतूद असल्याने तो बरेचदा जागच्या जागी अडतो. मतदान घेण्याचे काम राज्यांकडे आहे आणि अनेक राज्यांत त्याचा प्रमुख पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. २००० मध्ये फ्लोरिडातील वादग्रस्त मोजणी ज्यांच्या देखरेखीखाली झाली त्या अधिकारी बुश यांच्याच फ्लोरिडातील प्रचारसमितीच्या सहअध्यक्ष होत्या. २०१८ मध्ये जॉर्जियात ब्रायन केम्प गव्हर्नरपदाची निवडणूक लढवत होते आणि निवडणूक खातेही त्यांच्याकडेच होते. मतदान १८४५ च्या कायद्यानुसार नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी होते आणि त्या दिवशी देशभर सुट्टी नसते. योगायोग असा की कोल्हापूरने लोकसभेसाठी ७ मे २०२४ रोजी मतदान केले तो दिवसही मंगळवारच होता. पण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतील कामगाराला कायद्याने भरपगारी सुट्टी होती आणि मतदान सत्तर टक्क्यांच्या वर गेले. अमेरिकेत २०२० मध्ये मतदान ६६ टक्क्यांच्या आसपास झाले, तेव्हा शंभर वर्षांतील उच्चांक म्हणून त्याचे कौतुक झाले.

पैशाविषयी थोडक्यात : अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांच्या स्वतंत्र निवडणूक खर्चावरील मर्यादा भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली उठवली आणि त्यानंतर अब्जाधीशांचा पैसा मोकळा वाहू लागला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवताना मतदाराचा माहितीचा हक्क वर धरला. या एका बाबतीत आपले न्यायालय शहाणे ठरले असे मी म्हणेन.

मग उपाय कोणते? माझ्या मते सर्वांत परिणामकारक उपाय पसंतीक्रमाच्या मतदानाचा आहे आणि तो कोल्हापूरकरांना परका नाही. विधान परिषदेच्या पुणे विभाग पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत आपण याच पद्धतीने मतदान करतो. आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त असा कोटा ठरतो. पहिल्या पसंतीत तो कोणी गाठला नाही तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या गठ्ठ्यातील मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे इतरांच्या टेबलावर जातात. शिक्षक म्हणून मी अशा मोजणीच्या कामावर होतो. रात्र उलटते, डोळे चुरचुरतात, आकड्याऐवजी बरोबरची खूण करून ठेवलेल्या मतपत्रिका बाद ढिगात टाकताना पदवीधरांविषयी मनात नको ते विचारही येतात. पण शेवटी जो निवडून येतो त्याच्यामागे बहुतेक मतदारांची कोणती ना कोणती पसंती असते.

याउलट २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शेजारच्या हातकणंगले मतदारसंघात काय झाले ते पाहावे. धैर्यशील माने यांनी सत्यजित पाटील-सरूडकर यांचा सुमारे तेरा हजार मतांनी पराभव केला आणि तिसऱ्या क्रमांकावरील राजू शेट्टी यांना पावणेदोन लाखांहून अधिक मते पडली. विजेत्याला निम्मी मते मिळाली नाहीत. शेट्टी यांच्या मतदारांची दुसरी पसंती कोण होती, हे विचारण्याची सोयच या पद्धतीत नाही. त्यांच्या मताने कोणाचे तरी मत खाल्ले, एवढाच आरोप त्यांच्या वाट्याला आला. अमेरिकेत हाच आरोप २००० मध्ये अध्यक्षपदाचे तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांच्यावर झाला. फ्लोरिडात त्यांना ९७ हजारांवर मते होती आणि निकाल ठरला ५३७ मतांनी. तिसरा पर्याय उभा राहिला की तो कोणाचा तरी खेळ बिघडवतो, या भीतीनेच तेथे दोनच पक्ष उरले आहेत.

मेन राज्याने २०१६ मध्ये आणि अलास्काने २०२० मध्ये सार्वमताने पसंतीक्रम स्वीकारला. अलास्कात २०२४ मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव आला आणि हजारापेक्षाही कमी मतांनी फेटाळला गेला. त्याच दिवशी कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ओरेगॉनच्या मतदारांनी ही पद्धत आणण्याचे प्रस्ताव नाकारले, हेही सांगितले पाहिजे. पद्धत गुंतागुंतीची वाटते हा आक्षेप खोटा नाही, आणि एकसदस्यीय मतदारसंघात ती अल्पमताला जागा मिळवून देत नाही हाही तिचा खरा उणेपणा आहे. त्यासाठी तीन ते पाच सदस्यांचे मोठे मतदारसंघ करून त्यांत पसंतीक्रम वापरावा लागेल. अमेरिकेत त्याला अडसर आहे तो १९६७ च्या एका साध्या कायद्याचा, घटनेचा नव्हे. असे बदल जिंकणारे पक्ष स्वखुशीने करीत नाहीत, पण लोकांच्या रेट्याने ते होतात. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ या लागोपाठ दोन निवडणुकांत मजूर पक्षाला जास्त मते मिळूनही सत्ता दुसऱ्यांकडे राहिली. त्या असंतोषातून १९८६ मध्ये शाही आयोगाचा अहवाल आला, १९९३ मध्ये सार्वमत झाले आणि १९९६ पासून तेथे पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा देणारी मिश्र प्रमाणशीर पद्धत चालू आहे.

अमेरिकेत मिशिगनने हेच केले. २०१६ मध्ये एका तरुणीने मतदारसंघांची आखणी बदलायची आहे, कोण येणार, असे फेसबुकवर विचारले. स्वयंसेवकांनी चार लाखांवर सह्या जमवल्या आणि २०१८ च्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी होकार दिला. आयोगात तेरा सामान्य नागरिक असतात : दोन्ही पक्षांचे चार-चार, कोणत्याच पक्षाचे नसलेले पाच, आणि निवड सोडतीने. त्यांनी उघड बैठका घेऊन नकाशे केले. त्यांच्याही कामावर न्यायालयीन वाद झालेच, पण २०२२ मध्ये जवळजवळ चाळीस वर्षांनी डेमोक्रॅटिक पक्षाला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत एकाच वेळी बहुमत मिळाले. सत्ता कोणाकडे गेली हा मुद्दा नाही. ती बदलू शकते हे तेथील मतदाराला इतक्या वर्षांनी दिसले.

आता कोल्हापूरशी असलेला संबंध. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे आणि ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या दक्षिणेतील राज्यांच्या जागांचे वजन घटावे का, आणि न घटावे म्हणून उत्तरेतील नागरिकाचे मत हलके करावे का, हा पेच सिनेटच्या पेचाचाच भाऊ आहे. मतदारसंघांच्या सीमा आपल्याकडे निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोग ठरवतो, ही मोठी जमेची बाजू. मात्र त्याच्या आदेशांना न्यायालयात आव्हान देण्यावर निर्बंध आहेत. २००८ च्या फेररचनेत इचलकरंजी लोकसभा मतदारसंघ जाऊन हातकणंगले आला, तेव्हा हरकतींच्या सुनावणीची माहिती किती गावांपर्यंत पोहोचली होती? निवडणूक आयुक्तांच्या नियुक्तीच्या समितीत सरन्यायाधीशांऐवजी पंतप्रधानांनी नेमलेला मंत्री बसवणारा कायदाही डिसेंबर २०२३ मध्ये झालाच आहे. पंच कोणी नेमायचा, हा प्रश्न फ्लोरिडा आणि जॉर्जियापुरता राहिलेला नाही.

यास्तव आपल्या दैनिकास दोन विनंत्या आहेत. फेररचनेची पुढची प्रक्रिया सुरू होईल तेव्हा प्रारूप नकाशे, हरकतींची मुदत आणि जाहीर सुनावणीच्या तारखा तालुकावार, पहिल्या पानावर छापाव्यात. आणि पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होत असल्याने, नाव नोंदवण्याची माहिती व पसंतीक्रमाची मतपत्रिका भरण्याची रीत नमुन्यासह आधीच प्रसिद्ध करावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर